खोकल्याच्या गोळीतली साखर कोणी मोजतं का?

ओवी_ठाणे :

आमच्या बाबांचं पथ्य कडक आहे. वय ६८, मधुमेह जुना, बीपीची गोळीही चालू. चहा बिनसाखरेचा, प्रसादाचा पेढा कपाळाला लावून लगेच दुसऱ्याच्या हातात. पण पावसाळा लागला की घसा धरतो आणि शर्टाच्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी येऊन बसते. ते औषध, म्हणून पथ्यात चालतं! दिवसाला सात-आठ गोळ्या आरामात होतात.

म्हणून घरात सापडली तेवढी वेष्टनं जमवून वाचली. मेन्थॉल किती, निलगिरीचं तेल किती, ओव्याचा अर्क किती, सगळं मिलिग्रॅममध्ये, दशांश चिन्हासकट. आणि शेवटी 'शुगर बेस क्यू. एस.' एवढंच. साखर किती ग्रॅम, याचा पत्ता नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक गोळी साधारण अडीच-तीन ग्रॅम भरते. ती जवळपास सगळी साखरच असेल तर आठ गोळ्यांचे वीस ग्रॅम तरी झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी, जमलं तर ५ टक्क्यांच्या. म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम, आणि चांगलं म्हणजे २५. मधुमेह नसलेल्यालाही हे लागू आहे.

तर प्रश्न असे. माझा हिशेब बरोबर आहे का? वेष्टनावर साखर का लिहीत नाहीत? आणि शुगर-फ्री गोळ्या घशाला तेवढ्याच लागू पडतात का? बाबांचे डॉक्टर आहेतच, त्यांनाही विचारणार आहे. इथे औषधवाले, दातवाले, गाणारे सगळेच असतात, म्हणून धागा काढला.

गोळीवाला_सांगली :

औषधाचं दुकान आहे, आणि त्याआधी काही वर्षं गोळ्यांच्या कारखान्यात होतो, म्हणून लिहितो. हिशेब बरोबर आहे.

ही गोळी बनते ती अशी: साखर आणि लिक्विड ग्लुकोज (स्टार्चपासून केलेला घट्ट पाक) पाण्यात विरघळवून दीडशे अंशांच्या आसपास उकळायचं, पाणी एक-दोन टक्क्यांवर आलं की खाली घ्यायचं, मग रंग, वास, औषध मिसळून साच्यात. औषध शेवटी घालतात, कारण मेन्थॉल उडून जातं. थोडक्यात, लिमलेटच्या गोळीची जी कृती तीच. स्ट्रेप्सिल्सच्या नेहमीच्या गोळीत दोन औषधं असतात, डायक्लोरोबेन्झिल अल्कोहोल १.२ मिलिग्रॅम आणि अमाइलमेटाक्रेसॉल ०.६ मिलिग्रॅम. दोन्ही मिळून १.८ मिलिग्रॅम. अडीच ग्रॅमच्या गोळीत हा हजारातला एक भागही नाही. उरलेलं सगळं तुमच्या त्या 'बेस'मध्ये आलं.

क्यू. एस. म्हणजे 'लागेल तेवढं'. औषधाच्या लेबलवर औषधी घटकाचं प्रमाण द्यावं लागतं, बेसचं नाही. आयुर्वेदिक परवान्यावर विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचंही तसंच (विक्सची गोळी आपल्याकडे त्यातच मोडते). पोषणमूल्यांचा तक्ता लागतो तो खाद्यपदार्थाला. त्यामुळे गंमत बघा, हॉल्ससारखी गोळी मिठाईच्या परवान्यावर विकली जाते, तर तिच्या पाकिटावर तक्ता मिळतो, आणि औषध म्हणून विकलेल्या गोळीवर तो नाही. ज्याला साखर मोजायची गरज जास्त, त्याच्याच पट्टीवर आकडा नाही.

तक्ता मिळालाच तर 'साखर' या ओळीवर थांबू नका, 'कार्बोहायड्रेट' बघा. लिक्विड ग्लुकोजमधला बराच भाग साखरेच्या ओळीत धरला जात नाही, पण पोटात गेल्यावर त्याचंही ग्लुकोजच होतं.

भाऊसाहेब_बार्शी :

पावणेदोन मिलिग्रॅम औषधासाठी माणूस पट्टी घेतो आणि अडीच ग्रॅम साखर फुकट मिळते, वाईट काय आहे? :-)

चेष्टा सोडा. ओवीताई, तुमचे बाबा भाकरी खातात, भात खातात, आंब्याच्या दिवसांत एखादी फोड तोंडात जातच असेल. त्यात गोळीचे अडीच ग्रॅम कुठे शोधत बसता? चमचाभर साखर म्हणजे चार-पाच ग्रॅम. दोन गोळ्यांना एक चमचा. चार दिवसांचा खोकला, चार दिवसांच्या गोळ्या, विषय संपला. आपल्याकडे हल्ली लेबल वाचण्याचं खूळ आलंय, आणि ताटाकडे कोणी बघत नाही.

रक्ततपासणी :

मी फिजिशियन. इथे कोणाची तपासणी करत नाही, सर्वसाधारण सांगतो.

भाऊसाहेब चार दिवसांपुरते बरोबर आहेत. टाइप २ मधुमेहात एका गोळीने साखर आकाशाला भिडत नाही. खोकला-तापात साखर वाढलेली दिसते, त्याचं मोठं कारण आजारपण स्वतःच असतं. शरीर कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनलिन सोडतं आणि यकृत साखर बाहेर काढतं. त्यात कोणी खोकल्यासाठी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन दिलं असेल तर मग विचारूच नका. तेव्हा आकडा ३०० दिसला की दोष लगेच खिशातल्या पट्टीवर टाकू नये.

पण चार दिवसांच्या गोळ्या चार दिवसांतच संपतात, हे मात्र मला मान्य नाही. खोकला जातो आणि गोळी राहते. शिक्षक, वकील, एसटीचे वाहक, देवळातले निवेदक, हे लोक वर्षभर चघळतात आणि ओपीडीत 'गोड काय खाता' विचारलं तर 'काहीच नाही' म्हणतात. खोटं बोलत नाहीत, त्यांच्या लेखी ते खाणं नाहीच. रोजचे वीस ग्रॅम म्हणजे ८० कॅलरी आणि तेवढा कार्ब, जो आहाराच्या कोणत्याही हिशेबात नसतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या चाचणीत याचा थोडा वाटा असू शकतो, आणि डॉक्टर मात्र त्या आकड्यावर औषध वाढवून मोकळे होतात.

आणखी दोन गोष्टी. उपाशीपोटी रक्त द्यायला जाताना वाटेत गोळी चघळली तर ते पोट उपाशी राहिलं नाही. लॅबमध्ये 'चहा घेतला का' विचारतात, गोळीचं कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. साखर एकदम खाली गेली, घाम, थरथर सुरू झाली, तर १५ ग्रॅम पटकन लागू पडणारी साखर द्यायची असा नियम आहे. काही जण त्यासाठी खिशातली खोकल्याची गोळी काढतात. ती चघळून विरघळायला वेळ लागतो आणि १५ ग्रॅमला पाच-सहा गोळ्या लागतील. शुगर-फ्री असेल तर उपयोग शून्य. आणि ज्यांच्या औषधात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे (आपल्याकडे व्होग्लिबोज मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत भरपूर दिलं जातं), त्यांना साधी साखरसुद्धा लवकर लागू पडत नाही, कारण हे औषध आतड्यात साखर फोडणारं एन्झाइमच अडवतं. त्यांच्या खिशात ग्लुकोज पावडरच हवी. घरच्यांनी औषधाच्या पट्टीवर हे नाव आहे का ते आजच बघून ठेवावं.

दंतकथा :

सगळे रक्तातल्या साखरेवर बोलतायत आणि दातांना कोणी विचारत नाही, म्हणून लॉग-इन झाले. माझ्या मते या गोळीचा खरा हिशेब ग्रॅममध्ये करायचाच नाही, मिनिटांत करायचा.

दातावरच्या थरातले जिवाणू साखर मिळाली की काही मिनिटांत आम्ल तयार करतात. पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळायला लागतात. साखर संपली की लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते, अर्धा-पाऊण तास लागतो. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हा उतार-चढ मोजला, आम्ही तो वक्र पहिल्या वर्षापासून काढतो. आता एक चहाचा कप पाच मिनिटांत संपतो. गोळी मात्र चावायची नाही, विरघळू द्यायची, असं पाकिटावरच सांगितलेलं असतं. दहा मिनिटं ती, पुढे अर्धा तास आम्ल. तासाभराने दुसरी. म्हणजे आठ गोळ्यांत दिवसभर तोंड आम्लातच राहिलं. हीच वीस ग्रॅम साखर कोणी जेवणात शिऱ्यातून एकदम खाल्ली असती तर दाताचं इतकं नुकसान झालं नसतं.

हे नुसतं तर्काचं नाही. स्वीडनमध्ये लुंडजवळच्या विपेहोल्म संस्थेत १९४५ पासून काही वर्षं प्रयोग झाला. जेवणासोबत भरपूर साखर दिलेल्यांचे दात फारसे किडले नाहीत, आणि जेवणाच्या मधल्या वेळेत चिकट टॉफी दिलेल्यांचे भराभर किडले. प्रयोग ज्यांच्यावर झाला ती मतिमंदांच्या संस्थेतली माणसं होती, त्यांची संमती घेण्याचा प्रश्नच कोणी काढला नाही. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, करूही नये. पण किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त महत्त्वाचं, हे तिथूनच पक्कं झालं.

वयस्कांमध्ये हे आणखी वाईट. हिरड्या खाली सरकलेल्या असतात, दाताचं मूळ उघडं पडलेलं असतं आणि मुळावर कवच नसतं, ते आणखी लवकर किडतं. त्यात सर्दीच्या, अ‍ॅलर्जीच्या, झोपेच्या, नैराश्याच्या बऱ्याच औषधांनी तोंड कोरडं पडतं. तोंड कोरडं म्हणून माणूस गोळी चघळतो, आणि ज्या लाळेने दात वाचवायचे ती मुळात कमी. मधुमेहात तोंड कोरडं पडणं वेगळंच.

सर्वांत घातक सवय म्हणजे रात्री गालात गोळी धरून झोपणं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. एका बाजूच्याच दाढा, गालाकडच्या बाजूने, हिरडीलगत ओळीने किडलेल्या दिसल्या की मी विचारते, 'झोपताना गोळी ठेवता का?' आणि पेशंट दचकतो. लहान मुलांच्या आणि दमेकरी आज्यांच्या बाबतीत तर ठसका लागून गोळी श्वासनलिकेत जाण्याचाही धोका आहे. झोपताना नाही म्हणजे नाही.

भाऊसाहेब_बार्शी :

मिनिटांचा हिशेब पटला. सकाळी सभेला जाताना एक, परतताना एक, एवढ्यावर आणतो. पण मला सांगा, मेन्थॉलने खोकला बरा होतो का तरी?

रक्ततपासणी :

बरा होत नाही, दबतो. मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, त्यामुळे गार वाटतं आणि उबळ थोडी कमी होते. जंतूंना त्याने फरक पडत नाही. आणि गोळीचा अर्धा उपयोग औषधाचा नसून चघळण्याचाच आहे. गोड लागलं की लाळ सुटते, ती घशावर पसरते, गिळण्याने उबळ थांबते. कार्डिफच्या कॉमन कोल्ड सेंटरचे माजी संचालक प्रा. रॉन एकल्स यांनी यावर बरंच लिहिलंय, खोकल्याच्या औषधात गोड पाकाचाच मोठा वाटा आहे असं त्यांचं मत. त्यामुळे ओवीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की शुगर-फ्री गोळीही लाळ सोडवतेच.

कंकोळ :

गाणाऱ्यांच्या घरातली आहे. आमच्याकडे मैफलीआधी कंकोळ, लवंग, ज्येष्ठमधाचा तुकडा आणि खडीसाखर. गुरुजींच्या डबीत हे चारही असायचे, गोळ्यांना ते हात लावत नसत. खडीसाखर म्हणजे साखरच, कळतंय. पण ज्येष्ठमध गोड असूनही साखर नाही ना? बाबांना तोच द्या की.

वैद्यांचा_नातू :

ज्येष्ठमधाची गोडी ग्लायसिरायझिनची, साखरेच्या कितीतरी पट गोड. साखर वाढत नाही. पण रोज जास्त चघळला तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम खाली जातं. ६८ वर्षांच्या, बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाला 'नैसर्गिक आहे, चघळा' असं सांगू नये. लहान तुकडा, क्वचित. कंकोळ-लवंगेला हरकत नाही.

आणि आता आमच्याच घराची उणीदुणी काढतो. खोकल्याला सितोपलादि चूर्ण हे घरोघरी. त्याचं प्रमाण पाठ आहे: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. एकतीस भागांत सोळा साखर, म्हणजे निम्म्याहून जास्त. तालीसादि चूर्णात तर साखर ३२ भाग, दोन-तृतीयांशापर्यंत जाते. आता तीन ग्रॅम सितोपलादि घेतलं तर दीड ग्रॅम साखर, त्याचं फार नाही. पण ते मधात कालवून घेतात. चमचाभर मध सात ग्रॅम, त्यात साडेपाच ग्रॅमच्या वर साखर. औषधापेक्षा अनुपानातच जास्त! मधुमेह्याने कोमट पाण्यातून घ्यावं. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, खोकला कितीही असो.)

पातळ औषधं विसरू नका. फार्माकोपियातलं (औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथातलं) साधं सिरप म्हणजे वजनाने ६६.७ टक्के साखर, आणि कित्येक खोकल्याची औषधं त्याच पाकात बनतात. साखरविरहित बाटली मागितली तर मिळते, पण मागावी लागते.

नीलू_एडिसन :

अमेरिकेत इथे काही ब्रँडच्या पिशवीवर 'एका गोळीत १५ कॅलरी' असं छापलेलं असतं, म्हणजे साधारण पावणेचार ग्रॅम. इथली गोळी जरा मोठी असते. भारतवारीला येताना सासऱ्यांसाठी शुगर-फ्रीच्या पिशव्या आणते, त्या आयसोमाल्टच्या (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ). पण एकदा त्यांनी दुपारभरात अर्धी पिशवी फस्त केली आणि पुढचा दिवस बाथरूममध्ये गेला. आयसोमाल्ट, सॉर्बिटॉल, मॅनिटॉल ही मंडळी आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत, पाणी ओढून घेतात. भारतातल्या पाकिटावरही रेचक परिणामाचा इशारा बारीक अक्षरांत असतो, बघा.

घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलची गोळी त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. माणसाला चालतं, कुत्र्याची साखर धोकादायक खाली जाते.

गोळीवाला_सांगली :

नीलूताईंना +१. आपल्याकडे खाद्यपदार्थावर 'शुगर-फ्री' छापायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पण शुगर-फ्री म्हणजे उष्मांकरहित नव्हे. आयसोमाल्टमध्ये ग्रॅमला दोन कॅलरी, साखरेच्या निम्म्या. गिऱ्हाईक 'डायबेटिसवाली द्या' म्हणतं आणि मग दुप्पट चघळतं.

दुकानात आणखी एक बघतो. 'मधाची', 'गुळाची', 'तुळशी-आलं' असं लिहिलेली गोळी लोक साखर नसलेली समजून घेतात. घटकांची यादी उलटून बघा, पहिलं नाव बहुतेक वेळा साखरच असतं.

दंतकथा :

शुगर-फ्रीने दात किडणार नाहीत हे खरं, पण लिंबू-संत्र्याच्या चवीची असेल तर त्यात सायट्रिक आम्ल असतं, त्याने कवच झिजतं. पुदिना, वेलची अशा चवीची घ्या. गोळी झाल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरा. लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ द्या.

मास्तरीणबाई_लातूर :

चौथीला शिकवते. फळ्यासमोर दिवसभर बोलून घसा बसतो, त्यामुळे टेबलावर गोळ्यांचा डबा असायचा. मुलं मुद्दाम खोकून गोळी मागायची, वर्गात साथ आल्यासारखं व्हायचं! आता डब्यात लवंगा आहेत. साथ आटोक्यात आली.

ओवी_ठाणे :

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा अपेक्षेपेक्षा कामाचा झाला. बाबांना मिनिटांचा हिशेब वाचून दाखवला. म्हणाले, 'साखरेचं मला माहीत होतं, दातांचं नव्हतं.' म्हणजे इतके दिवस माहीत असूनही चालू होतं तर! त्यांच्या औषधात व्होग्लिबोज निघालं. ग्लुकोजचा डबा आणलाय.

रक्ततपासणी, एक राहिलं. गोळी कमी केली की रात्री ठसका जास्त लागतो. खोकला तसा तीन आठवडे झाले आहे.

रक्ततपासणी :

हे पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं होतं, ओवीताई. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या सूचनेनुसार क्षयाची तपासणी करायची, ताप आणि वजन घटणं नसलं तरी. मधुमेह्यांना क्षयाचा धोका दोन-तीन पट असतो. सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते. गोळ्यांनी उबळ दबते आणि तपासणी लांबते, मला या गोळ्यांबद्दल खरी तक्रार आहे ती हीच.

बीपीची गोळी कोणती? एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या गोळ्यांनी कित्येकांना कोरडा खोकला लागतो.

ओवी_ठाणे :

टेल्मिसार्टन.

रक्ततपासणी :

मग ते कारण बहुधा नाही. जेवून लगेच आडवे होतात का? पित्त घशाशी येऊनही रात्रीचा ठसका लागतो, आणि पुदिना-मेन्थॉल अन्ननलिकेच्या तळाची झडप आणखी सैल करतं. झोपताना घेतलेल्या गोळीने त्यांचा खोकला वाढतही असेल. पण आधी थुंकी आणि छातीचा एक्स-रे. याच आठवड्यात.

ओवी_ठाणे :

जेवतात साडेनऊला, पडतात दहाला. उद्या सकाळीच घेऊन जाते.

भाऊसाहेब_बार्शी :

रिपोर्ट आले की इथे कळवा.